राईतल्या देवीला मी चेहरा दिला

मला कुणी कलाकार म्हटलं की माझं डोकं फिरतं. पेंटर म्हणा, चहा पाजीन. टेंपोच्या मागं मोर काढणारा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, निवडणुकीआधी भिंतीवर चिन्ह काढून निवडणुकीनंतर त्याच भिंतीला चुना फासणारा पेंटर. पण कला, निसर्ग, चळवळ आणि आत्मविकास असं सगळं एका दमात कुणी माझ्यापुढं बोलायला लागलं की मी उठून बाहेर जातो. बायको म्हणते, जरा माणसात वागा. मी म्हणतो, एकदा वागलो होतो, त्यातून काय निघालं ते सगळ्या गावानं बघितलंय.

आमचं गाव मुळशीत, उरवड्याच्या आत, डोंगराच्या पोटाला. अठ्ठ्याण्णव साली उरवड्यात कारखाने होते, आमच्याकडं भाताची खाचरं होती आणि भूगावात भिंती होत्या. मला मतलब भिंतींशी. चांदणी चौकातून खाली उतरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढ्या भिंती लागायच्या, त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या. 'निसर्गाच्या कुशीत आपला हक्काचा प्लॉट.' वर अक्षरं, खाली दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि बाजूला नारळाचं झाड. मुळशीत नारळ कुठून आला हे मला कुणी विचारलं नाही, मीही कधी विचारलं नाही. प्लॉट विकणाऱ्या शेठला नारळ लागायचा, मी काढायचो. शेठ आमच्याच तालुक्यातला, बापाची शेती विकून धंद्यात पडलेला. बोलायला गोड. मला 'पेंटरराव' म्हणायचा.

गावाच्या वरच्या अंगाला, पठाराच्या अलीकडं, आमची राई होती. देवराई. तिथं एका मोठ्या दगडाशी चपला काढायच्या आणि मग आत जायचं. आतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही. जांभळं तिथंच बसून पोटभर खा, पण ओटीत घालून घरी आणायची नाहीत. एकदा वादळात भला मोठा आंबा आडवा झाला, तो पडला तिथंच कुजला. अख्खं गाव सरपणाला डोंगर पालथा घालायचं, पण त्या आंब्याला कुणी हात लावला नाही. आत हिरडे, अंजनी, जांभूळ, आणि माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेली. मधोमध एक बेहडा, पाच माणसांनी हात धरले तर कसाबसा कवेत यायचा. त्याच्या बुडाशी झरा. आमच्या खालच्या खाचरांना पाणी त्या झऱ्याचं.

आणि बेहड्याच्या पुढ्यात आई. आई म्हणजे गुडघ्याएवढा एक दगड. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, शेंदूरसुद्धा नाही. डोक्यावर छप्पर चालत नाही तिला, पाऊस आला की तीही भिजते. तिची पूजा आमच्या गुरवकाकांकडं. तेव्हा पन्नाशीचा असेल हा माणूस. काटकुळा, तंबाखूनं दात गेलेले, आणि जिभेला हाड नाही. गावात कुणाशी धड बोलायचा नाही, पण राईत शिरला की पाऊल असं टाकायचा की पाचोळासुद्धा वाजू नये.

दोन हजार सालच्या पुढंमागं बातमी आली की राईमागचं पठार शेठनं घेतलं. बंगल्यांचे प्लॉट पाडणार. पठारावर जायला वाट एकच, राईतून. शेठचा माणूस फिता घेऊन आला आणि बेहड्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून गेला. गावानं काय केलं? काही नाही. निम्म्यांनी जमिनी विकल्या होत्या, उरलेल्यांना विकायच्या होत्या. 'झाडं काय, परत येत्यात,' असं आमचा सख्खा भाऊ मला म्हणाला. त्याची गाडी नवीन होती तेव्हा.

त्याच सुमाराला पुण्याहून मॅडम आल्या. कुठल्याशा कॉलेजात शिकवायच्या. खादीचा झब्बा, कपाळाला मोठं कुंकू, पायात कोल्हापुरी. त्यांच्याबरोबर वीसेक माणसं, शनिवार-रविवार आमच्या शाळेत मुक्कामाला. शिबिराचं नाव एवढं मोठं की मला कापड जोडून बॅनर करावा लागला. कला, पर्यावरण आणि स्वतःचा शोध. शोध कसा, तर डोळे मिटून झाडाला मिठी मारायची. मातीचे मुखवटे करायचे. 'आपल्या आतलं झाड' कागदावर काढायचं. आमच्या बायका पाण्याला जाताना थांबून बघायच्या आणि पदरात तोंड खुपसून हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्येंच्या घरात मिठी माराया कोन न्हाई का?"

मीही हसलो. बॅनर लावला, निघालो. तर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही काढा ना एखादं झाड." मी ब्रश घेतला आणि दोन मिनिटांत झाड काढून दिलं. त्यांनी बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पण हे झाड इथं कुठं आहे?"

मी नारळ काढला होता.

असा संताप आला मला! वीस वर्षं ब्रश धरतोय, आणि ही बाई मला विचारते झाड कुठं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तावातावानं वही घेऊन राईत गेलो. म्हटलं, बेहडा काढतो आणि तोंडावर फेकतो. बसलो. एक रेघ ओढली, खोडली. दुसरी ओढली, खोडली. तास गेला, दोन तास गेले, वहीत नुसती खाडाखोड. लहानपणापासून मी त्या झाडाखाली बसत आलोय आणि त्याची फांदी कुठून फुटते हे मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, मला रडू आलं. मोठा माणूस, मिश्या असलेला, बेहड्याखाली बसून रडलो.

मग रोज जायला लागलो. सहा आठवडे गेलो. बाकीची कामं गेली खड्ड्यात. गारंबी कुठून चढते आणि कुठं लोंबते, हिरड्याच्या सालीला भेगा कशा पडतात, दुपारी झऱ्यावर कुठली पाखरं येतात, सगळं वहीत. मॅडम म्हणायच्या, तुम्ही आतून वाढताय. मला तेव्हा ते पटलं. आता चीड येते, पण पटलं होतं हे नाकारत नाही. शेठनं नव्या भिंतीचं काम दिलं तेव्हा मी त्याला सांगितलं, नारळ काढणार नाही, मुळशीतलं झाड काढीन. तो हसला आणि काम दुसऱ्याला दिलं. घरी बायकोनं दोन दिवस अबोला धरला. पण मला आतून असं हलकं वाटत होतं की विचारू नका.

मग शाळेत बैठक झाली. मॅडमची माणसं आणि गावातली दहाबारा टाळकी. प्रश्न एकच, रस्ता अडवायचा कसा. झाडांसाठी कुणी घरातून उठेना. आणि तिथं माझ्यातल्या शहाण्यानं तोंड उघडलं. म्हटलं, "झाडासाठी कुणी येणार न्हाई. देवीसाठी येतील. मी आईचं चित्र काढतो." मॅडमचा यात काही दोष नाही, त्या उलट दोनदा म्हणाल्या की गुरवांना विचारा. अक्कल सगळी माझी.

गुरवकाका ऐकूनच उखडले. "तिला रूप न्हाई. आजवर कुनी काडलं न्हाई. रूप दिलंस की मान्सं रूपाला येतील, राईला न्हाई येनार."

"काका, रस्ता झाला तर राईच राहनार न्हाई. मग कुनाची पूजा करताय?"

"तिला इचारू. ती म्हनंल तसं."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या, एक दगडाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठं खणायची इथपासून पोरीचं स्थळ पसंत करायचं का इथपर्यंत गाव तिला असंच विचारायचं. आणि एकदा डावा कौल आला की विषय संपला, वर्षभर तो प्रश्न परत काढायचा नाही.

डावी कळी पडली.

मी म्हटलं, वारा होता, परत लावा. गुरवकाका म्हणाले, रीत न्हाई. मी म्हटलं, रीत घेऊन काय करता, खुंट्या ठोकल्यात तिकडं. भांडलो. शेवटी त्यांनी दुसऱ्यांदा लावला. परत डावी. मग मी त्यांना बाजूला सारलं आणि तिसऱ्यांदा कळ्या स्वतः लावल्या. रंग किती ओला असला की भिंतीला धरतो आणि किती सुकला की पोपडा सुटतो, हे ज्याच्या हाताला कळतं, त्याला कळीचंही कळतं. डावी मी चांगली चिंब करून दाबली, उजवी जेमतेम टेकवली. उजवी पडली. गुरवकाकांनी माझे हात बघितले होते. ते तांब्या उचलून झऱ्याकडं गेले.

चित्र मात्र झालं, आईशप्पथ, काय झालं! साडेचार फूट उंच. नाक माझ्या आईचं, ती गेलेली होती तेव्हा. डोळे बायकोचे, माझ्यावर चिडल्यावर होतात तसे. मागं बेहडा, खांद्यावरून उतरलेली गारंबी, पायाशी झरा. मॅडमनी बघितलं आणि त्याच दिवशी ते गाडीत घालून नेलं. पुण्यात हॉलमध्ये लावलं, लोकांनी रांगा लावल्या. त्याची पत्रकं छापली. 'आईची राई वाचवा.' आणि लोक आले हो! ज्यांना झाडांचं देणंघेणं नव्हतं ते सगळे आले. आमच्या गावातले, शेजारच्या पाच गावांतले, भूगावच्या नव्या सोसायट्यांमधले. माझ्या चित्राची पालखी काढली, हातात हात धरून राईभोवती कडं केलं. खुंट्या उपटल्या. पेपरात फोटो आला. शेठनं हात जोडले, आईपुढं मी कोण म्हणाला, रस्ता रद्द.

त्या दिवशी माझ्याएवढा माजलेला माणूस तालुक्यात नव्हता. ब्रशनं जेसीबी परतवला असं मी स्वतः लोकांना सांगत फिरत होतो. गुरवकाका तेवढे आले नाहीत. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा स्वभावच खडूस.

आता पुढचं ऐका.

लोक आले ते थांबेचनात. कुणाला मुलगा झाला, कुणाला हिंजवडीत नोकरी लागली, कुणाचं अमेरिकेचं काम झालं. आई नवसाला पावते म्हणे. मंगळवारी आणि शुक्रवारी रांगा. शनिवारी कासारसाईच्या धरणावर भिजून, भजी खाऊन, तिथून इकडं दर्शनाला. मोटारी उभ्या करायला जागा नाही, म्हणून चपला काढायच्या दगडापर्यंत मोटारी. मग दगडाच्या आतपर्यंत. तेवढ्यात फ्लेक्स आले आणि माझा धंदा बसला. बसला तर बसला, पण पहिला मोठा फ्लेक्स कशाचा लागला गावात? माझ्या चित्राचा. वीस फूट उंच आई. खाली हात जोडलेले सहा पुढारी आणि मधोमध शेठ. माझं नाव कुठंच नाही, त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की मागचा बेहडा छापणाऱ्यानं कापून टाकला होता आणि त्याजागी सूर्याची किरणं घातली होती.

देवस्थान समिती झाली. अध्यक्ष कोण? शेठ. सिमेंट त्याचं, वाळू त्याची, लोखंड त्याचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच, देवी आमची, डोंगर आमचा आणि दाता हा. भक्तांसाठी सभामंडप, भक्तांसाठी पार्किंग, भक्तांसाठी सिमेंटचा रस्ता. रस्ता थेट राईतून वर पठारापर्यंत, कारण म्हणे गाड्यांना वळायला जागा हवी! जो रस्ता आम्ही हातात हात धरून अडवला, तोच 'आईचा मार्ग' म्हणून कमान बांधून झाला, आणि ज्यांनी हात धरले होते त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मीही होतो गर्दीत.

झाडं पाडायच्या आधी समितीनं रीतसर कौल लावायला सांगितलं. डावा आला. शेठ म्हणाला, परत लावा. गुरवकाका म्हणाले, रीत न्हाई. तर शेठ सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "पेंटरला तीनदा लावून दिला की. त्येला येक न्याय आनि आमाला येक?"

गुरवकाकांनी गर्दीत मला शोधलं. मी मान खाली घातली. त्यांनी कळ्या खाली टाकल्या आणि चालते झाले. समितीनं बाहेरून पगारी पुजारी आणला. त्याला रीत-बीत काही माहीत नव्हती, त्यानं उजवी पडेपर्यंत कळ्या लावल्या. दोन हिरडे गेले, अंजनी गेल्या, गारंबी तोडून तिचे तुकडे ट्रॅक्टरनं खाली नेले. जांभळीच्या जागी चपलांचं स्टँड.

मॅडमना मी बोलावलं. त्या आल्या, बघितलं, डोळे पुसले. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "राईचं झालं ते वाईटच झालं, पण तुमच्यात किती बदल झालाय बघा. ते कुणी तोडू शकणार नाही."

मी तिथं जे बोललो ते छापण्यासारखं नाही. माणूस आतून वाढावा म्हणून बाहेरचं झाड पाडायचं असतं का? मला नको तुमची वाढ. मला माझा नारळ काढणारा हात परत द्या आणि राई परत द्या. त्या गेल्या. परत आल्या नाहीत. त्यांचा दुसरा एक डोंगर चालू होता, वेल्ह्याकडं. बाई मनानं वाईट नव्हती, हे आज म्हणतो. तेव्हा नव्हतं म्हणवलं.

मग एकदा मी सभामंडपाच्या पायरीवर बसलो होतो. मांडीवर जुनी वही होती, सहा आठवड्यांची. भूगावच्या सोसायटीतली एक बाई दर्शन घेऊन आली. नवरा कंपनीत, दोघं लातूरकडचे, माणसं साधी. तिनं वाकून वही बघितली. "अय्या, किती सुंदर! काका, हे जंगल कुठलं हो? आम्हाला जायचंय एकदा अशा ठिकाणी. मुलांना दाखवायला."

मी म्हटलं, "तुमची गाडी कुटं लावलीय?"

"ती काय, समोर."

"तिथलंच हाय."

ती हसली. तिला वाटलं, काका थट्टा करतायत. मी वही मिटली आणि घरी आलो. बायकोला म्हटलं, मी तो फ्लेक्स फाडणार. ते तोंड माझ्या आईचं आणि तुझं आहे, मी बनवलंय, सगळं खोटं आहे. बायकोनं शांतपणे देवापुढं दिवा लावला. देव्हाऱ्यात तेच चित्र, पोस्टकार्डाएवढं. ती म्हणाली, "काडलं तुमी आसंल. पन आता ती हाय. तुमी न्हाई म्हनून काय हुतंय?" आमच्या पोरीचा ताप उतरला होता म्हणे तिच्या नवसानं. घरातच ही गत, तर गावाला काय सांगू?

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात समितीनं बेहड्याचा विषय काढला. सभामंडप वाढवायचा होता आणि बेहडा मध्ये येत होता. झरा तर दोन वर्षांपूर्वीच आटून मुतासारखा ठिपकत होता, खालची खाचरं पडीक. शेवटचं मोठं झाड. मी ठरवलं, आता गप्प बसायचं नाही. सगळ्या गावापुढं उभं राहायचं आणि कौलाचं खरं सांगायचं. मी लबाडी केली, देवीनं कधीच होकार दिला नव्हता, चेहरा मी माझ्या मनानं दिला. एकदा ते खोटं पडलं की समितीच्या पायाखालचं जोतंच निघतं, असा माझा डाव. दारोदार फिरलो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात जोडले, तरण्यांना शिव्या दिल्या, बायकांना सांगितलं चुली सोडून या. सगळ्यांनी यायचं, एकही घर मागं राहता कामा नये. शेठलाही सांगितलं. तो म्हणाला, "जरूर. खालच्या शाळंत घेऊ. सकाळी धाला."

गुरवकाकांच्या दारातही गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. ते खाटेवर बसून दोरी वळत होते. मी म्हटलं, काका, उद्या या, मी सगळं कबूल करनार. त्यांनी दोरीवरून नजर काढली नाही. "बोलून काय हुनार हाय?" म्हणाले. मला राग आला. म्हटलं, बसा मग खाटंवर.

सभेला गाव लोटलं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डाव्या कौलाचं, कळी कशी दाबली त्याचं, नाक कुणाचं, डोळे कुणाचे. मला वाटलं होतं दगड येतील. दगड येणं बरं झालं असतं. मग शेठ उठला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं की खोटं देव जाणे. म्हणाला, "ऐकलं का? मान्साच्या मनात लबाडी हुती, तरी आईनं त्येच्याच हातानं रूप घ्येतलं. ह्याला म्हन्त्यात साक्षात्कार!" टाळ्या! बायका डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी आधीच आणून ठेवलेली शाल आणि नारळ पुढं केला. शेठनं माझ्या अंगावर शाल घातली. मी झटकून टाकायला हवी होती. चार माणसं पाया पडायला पुढं आली, त्यात आमची म्हातारी चुलती होती, तिला धरायला वाकलो आणि शाल तशीच राहिली. मी माईक ओढला, ओरडलो, "आरं, मी खोटं बोललो म्हन्तोय!" तोवर माईक बंद झाला होता.

आणि तेव्हा वरचा आवाज ऐकू आला, कधीपासून चालू होता कुणास ठाऊक. पेट्रोलवरच्या करवतीचा.

मी धावलो. चढावर दोनदा पडलो. पोचलो तेव्हा बेहडा आडवा झाला होता, अर्धा सिमेंटच्या रस्त्यावर, अर्धा पार्किंगमध्ये. बुंध्यातून पाणी गळत होतं. कापणारी परमुलखातली माणसं, बिड्या पेटवून बाजूला बसलेली. वरातीमागून मी, धापा टाकत. आणि बुंध्यापासून पाचसहा हातांवर, मातीत, गुरवकाका. सदरा खांद्यात फाटलेला, कोपर खरचटलेलं, टोपी कुठंतरी पडलेली.

"काका, तुमी हितं?"

"सकाळधरनं. बुडाला पाठ लावून बसलो हुतो. दोन तास न्हाई हात लावला कुनी." त्यांनी तोंडातली माती थुंकली. "मग मुकादमाला फोन आला. चौघांनी उचललं मला. दोन हाताला, दोन पायाला. आन् हितं आनून ठिवलं."

मी खाली बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अंगावरच्या शालीकडं बघितलं.

"तू बसला आसतास तर आठ लागलं आसतं," ते म्हणाले. "आठ मान्सं न्हवतीच त्येंच्यापाशी."